नाटकाची पुस्तकं एका कपाटात नसतात

कॉलेजच्या पहिल्या वर्षी पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये शिरले, तेव्हा दिग्दर्शन करणारा दादा म्हणाला, "पाठांतराचं नंतर बघू, आधी वीस नाटकं वाचून ये." वीस नाटकं विकत घ्यायला पैसे नव्हते. शिवाय त्यातली निम्मी दुकानात मिळतच नव्हती, कारण संहितेची एक आवृत्ती संपली की पुढची निघेलच असं नसतं. मग घराजवळच्या जुन्या वाचनालयात अनामत आणि वर्गणी भरून सभासद झाले. नाटकात नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी आजही हेच करायला सांगते.

पहिल्या दिवशी काउंटरवर विचारलं, "अभिनयाची पुस्तकं आहेत का?" दोन मिळाली, ती वाचून परत केली. तिसऱ्या खेपेला देवघेव विभागातल्या काकूंनी विचारलं, "तुला नेमकं करायचंय काय?" एकांकिका बसवायचीय म्हटल्यावर त्या उठल्या आणि मला चार वेगवेगळ्या कपाटांपाशी घेऊन गेल्या. त्या अर्ध्या तासानं माझं काम किती सोपं केलं, हे मला फार उशिरा कळलं.

पुस्तकांना विषयवार क्रमांक देणारी ड्युई पद्धत वाचनालयात असेल तर रंगभूमीचा इतिहास, दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना ७९२ मध्ये असतात आणि संगीत ७८० मध्ये. पण प्रत्यक्ष मराठी नाटक साहित्यात मोडतं, म्हणून ते ८९१.४६२ खाली, कादंबऱ्यांच्या शेजारी जाऊन बसतं. नटांची आत्मचरित्रं अनेक ठिकाणी सरळ चरित्राच्या कपाटात ठेवलेली असतात. चिंतामणराव कोल्हटकरांचं 'बहुरूपी' (१९५८ चा साहित्य अकादमी पुरस्कार) मला तिथेच मिळालं. नाटक कंपन्या कशा चालायच्या, हे कळायला यासारखं पुस्तक नाही. तेव्हा काउंटरवर विषयाचं नाव घेऊ नका, काम सांगा. "दोन बायका, एक पुरुष, तासाभराचं काहीतरी हवंय" असं म्हटलं तरी जुने कर्मचारी बरोबर कपाट दाखवतात.

संगीताच्या पुस्तकांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे मी फसले आहे. एकांकिकेत एक बंदिश वापरायची होती. वाचनालयातून एक जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक आणलं. मला स्वर लिहिण्याची भातखंडे लिपी येत होती: स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, खाली टिंब म्हणजे मंद्र (खालचं), खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. त्याच हिशेबानं दोन दिवस रियाज केला आणि गळा बसला. क्लासच्या बाईंनी पान बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही पलुसकर लिपी आहे." या लिपीत डोक्यावरचं टिंब मंद्राचं आणि उभी रेघ तार सप्तकाची. खर्जातली सगळी अस्ताई, म्हणजे बंदिशीचा पहिला भाग, मी वर ओढत होते! तेव्हापासून पुस्तक घरी नेण्याआधी मी चिन्हांचा खुलासा असलेलं पान शोधते. ते फाटलेलं असेल तर लिपी कोणती हे जाणकाराला विचारून घेते. नवख्यांनी भातखंड्यांच्या क्रमिक पुस्तकमालिकेपासून सुरुवात करावी. सहा भाग आहेत. पहिला नीट झाल्याशिवाय दुसरा आणू नका.

दुर्मिळ पुस्तकं संदर्भ विभागात असतात, ती घरी मिळत नाहीत. वही-पेन्सिल घेऊन तिथेच बसायचं.

संहिता हातात आली म्हणजे प्रयोगाचा हक्क मिळाला, असं मात्र नाही. सुरुवातीच्या पानांवर प्रयोगाच्या परवानगीसाठी पत्ता छापलेला असतो, तो आधी उतरवून घ्या. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. पत्र पाठवायला आणि उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा हे काम तालमी सुरू होण्यापूर्वीच उरका.

आणखी एक. वाचनालयातल्या संहितेवर आधीच्या ग्रुपच्या खुणा असतात. मी आणलेल्या एका प्रतीत आईचं अख्खं स्वगत निळ्या शाईनं काटलं होतं आणि समासात लिहिलं होतं, "वेळ जातो". आम्हीही ते गाळून तालमी केल्या. मुलगी शेवटी घर का सोडते, हे आमच्यातल्या कुणालाच उमगेना. मग एका रात्री ते काटलेलं स्वगत मोठ्यानं वाचलं आणि सगळं कारण त्यातच सापडलं. काटलेलंही वाचा, आणि स्वतःच्या खुणा झेरॉक्सवर करा.

शेवटच्या पानावरची तारखांची चिठ्ठीही बघत जा. एकांकिकांच्या संग्रहांवर जून-जुलैचे शिक्के एकाखाली एक दाटीवाटीनं पडलेले दिसतात, कारण ऑगस्टमध्ये स्पर्धा असते आणि सगळी कॉलेजं एकाच वेळी धावतात. तुम्ही मे महिन्यातच जाऊन नाव लावून ठेवा.