फूट ड्रॉपसाठी एफईएस शिकताना

पक्षाघातानंतर अनेकांना चालताना पाऊल वर उचलता येत नाही आणि चवडा जमिनीला घासतो; यालाच फूट ड्रॉप म्हणतात. गुडघ्याखालच्या नसेला विजेचे स्पंद देऊन ते उचलायचं, ही पद्धत लिबरसन यांनी 1961 मध्ये मांडली. आजची एफईएस (फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन, म्हणजे विजेच्या स्पंदांनी स्नायू हलवणं) यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. इंटर्नशिपला नवीन आलेले यंत्रावरचे आकडेच फिरवत बसतात, पण पाऊल नीट उचलणार की नाही हे बहुतेकदा इलेक्ट्रोडच्या जागेवर ठरतं.

पेसमेकर, पायात रक्ताची गुठळी, त्या जागी जखम किंवा कर्करोग असेल तर यंत्र लावायचं नाही. फिट आटोक्यात नसतील तर न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय हात घालू नका. शिवाय पायातली नस शाबूत हवी. फार दिवस एकाच कुशीवर पडून फिब्युलाच्या (नडगीच्या बाहेरच्या बारीक हाडाच्या) डोक्यापाशी, म्हणजे वरच्या टोकाशी, नस दबून खराब झाली असेल, तर करंट कितीही वाढवा, पाऊल ढिम्म राहतं.

घरचे लोक सकाळी तेलाने मालीश करून रुग्णाला आणतात. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडच्या कडा सुटतात, करंट उरलेल्या छोट्या जागेतून जातो आणि तिथे चटका बसतो. पाय साबणाने धुऊन कोरडा करा. केस कात्रीनेच कापा, वस्तरा नको.

रुग्णाला खुर्चीत बसवून पाऊल लोंबतं ठेवा. 5 × 5 सेंटिमीटरचे दोन इलेक्ट्रोड घ्या. ऋण टोकाचा फिब्युलाच्या डोक्याच्या किंचित खाली-मागे, दुसरा नडगीच्या बाहेरच्या अंगाला, टिबिॲलिस अँटिरिअर या पाऊल वर उचलणाऱ्या स्नायूच्या फुगीर भागावर. सुरुवातीला स्पंदांची वारंवारता 40 हर्ट्झ, प्रत्येक स्पंदाची लांबी 300 मायक्रोसेकंद. करंट शून्यापासून हळूहळू वाढवा. घोटा वर येताना पाऊल आत वळलं तर नडगीजवळचा इलेक्ट्रोड सेंटिमीटरभर बाहेर सरकवा, जास्त बाहेर वळलं तर आत. नुसता करंट वाढवून हे वळण सुटत नाही. पोटरी ताठ होऊन घोटा थरथरू लागला तर रॅम्प, म्हणजे करंट पूर्ण चढायला लागणारा वेळ, वाढवा, म्हणजे स्नायू झटक्याने ताणला जात नाही.

विजेने चाळवलेले तंतू एकदमच आकसतात, त्यामुळे स्नायू लवकर थकतो. बसून व्यायाम देताना 5 सेकंद चालू, 15 सेकंद बंद असं ठेवा आणि प्रत्येक वेळी रुग्णालाही पाऊल उचलायचा प्रयत्न करायला लावा. नाहीतर व्यायाम यंत्राचाच होतो! संवेदना कमी असलेला रुग्ण चटक्याची तक्रार करणार नाही. 20 मिनिटांनी इलेक्ट्रोड काढून त्वचा स्वतः बघा. लाली तासाभरात ओसरायला हवी.

चालताना टाचेखालचा स्विच टाच उचलली की स्पंद सुरू करतो, टेकली की थांबवतो. हा स्विच बुटात बसतो, आणि आपल्याकडे घरात बहुतेक जण अनवाणी असतात. यंत्र घरी न्यायचं असेल तर मागे पट्टा असलेल्या सँडलची सोय आधीच करून घ्या.