रविवारीही न उतरणारा शिक्षकांचा थकवा: सुरुवात वह्यांपासून करा

शाळेच्या फाटकाशी पाय जड होतात, मुलांवर विनाकारण वस्सकन ओरडलं जातं आणि ‘आपण शिकवून काय फरक पडतो’ असं वाटत राहतं. ही तिन्ही लक्षणं महिनोन्‌महिने टिकली, तर ती नुसती दगदग नाही, तो ‘बर्नआउट’ असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये या अवस्थेचा संबंध थेट नोकरीतल्या न आवरलेल्या ताणाशी जोडला. म्हणून आधी कामाला हात घालायचा, प्राणायाम नंतर.

एक आठवडा रोज तास लिहा: शिकवणं, तयारी, वह्या, बाकीची कामं. पहिली ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्यात तयारी धरून आठवड्याचे किमान ४५ तास आहेत. तुमची बेरीज ५५ वर गेली, तर जास्तीचे दहा कुठले ते कागदावर दिसेल.

बहुतेकदा ते वह्यांत सापडतात. ५० मुलांचे तीन वर्ग म्हणजे १५० वह्या. वहीला तीन मिनिटं धरली तरी साडेसात तास. आठवड्याला एकाच वर्गाच्या वह्या पूर्ण तपासा, रोज दहा, त्याही रिकाम्या तासाला शाळेतच. उरलेल्या दोन वर्गांत उत्तरं फळ्यावर लिहून मुलांना शेजाऱ्याची वही पेन्सिलीनं तपासू द्या. तुम्ही बाकांमधून फिरत सही करा. ऱ्हस्व-दीर्घाची प्रत्येक चूक लाल करू नका. मूल ती वाचत नाही, तुमचं मनगट मात्र दुखतं. वह्यांची पिशवी घरी नेली की ती जेवणाच्या टेबलावर येते, आणि मग झोप जाते.

पालकांच्या ग्रुपला रोजची अर्ध्या तासाची वेळ ठरवून द्या. तातडीचं असेल तर शाळेत फोन.

मुख्याध्यापकांकडे ‘फार काम होतं’ म्हणून गेलात तर सहानुभूती मिळेल, काम तेवढंच राहील. तासांचा कागद दाखवा: ‘सर, ऑनलाइन नोंदींत सहा तास जातात, यातलं कुणाला देता येईल?’ कायद्याचं कलम २७ जनगणना, आपत्ती-मदत आणि निवडणूक सोडून इतर बिगर-शैक्षणिक कामांना शिक्षक जुंपू देत नाही; हेही शांतपणे सांगा. 

दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, सारखं रडू येत असेल, तर सरकारी मानसिक रुग्णालयात दाखवा; बडोद्यात ते कारेलीबागेत आहे. जीव नकोसा वाटला तर दोन आठवडे थांबू नका; टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर लगेच फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही चालू असतो आणि भाषा निवडता येते.