मंडळाच्या खोलीत पोरांचा डिजिटल क्लास कसा चालवायचा (थोडं नैरोबीकडून शिकून)

आधी कबुली देतो, काळाचौकीला आमच्या मंडळाच्या खोलीत मी पहिला कॉम्प्युटर क्लास घेतला तो साफ फसला. लॅमिंग्टन रोडवरून तीन सेकंडहँड लॅपटॉप आणले, माऊस कसा धरायचा इथपासून सुरुवात केली, मग पेंटमध्ये घर काढा, वर्डमध्ये रजेचा अर्ज टाइप करा वगैरे. पहिल्या रविवारी २२ पोरं होती, चौथ्या रविवारी ६ उरली आणि त्यातली दोन पंख्याखाली बसायला यायची हे मला पक्कं माहितीये.

माझा आतेभाऊ नैरोबीला (केनियाची राजधानी) नोकरीला आहे, तो तेव्हा सुट्टीवर आला होता. त्याने खोलीत डोकावून बघितलं आणि एकच विचारलं, ही पोरं घरी गेल्यावर लॅपटॉप कुठे उघडणार? मग त्याने तिकडचं सांगायला सुरुवात केली आणि नंतर मी स्वतः शोधून वाचत गेलो. आफ्रिका म्हटलं की आपल्याकडे सिंह आणि दुष्काळ एवढंच डोक्यात येतं, पण त्या खंडाचं मध्य वय सुमारे १९ आहे, म्हणजे निम्मे लोक त्याहून लहान (आपलं २८च्या आसपास), म्हणजे एवढ्या तरुण पोरांना कामाला लावायचं कसं हा प्रश्न त्यांना आपल्यापेक्षा जास्त छळतोय. वीज, डेटा, लॅपटॉप यातलं काहीच धड हातात नसताना त्यांनी जे जुगाड केलेत ते आपल्या १० बाय १०च्या खोल्यांना बरोबर बसतात. तर आता मी क्लास कसा घेतो ते सांगतो, ज्यांना आपल्या वस्तीत सुरू करायचाय त्यांनी उचला.

पहिली गोष्ट, फोनपासूनच सुरू करा. केनियात २००७ला एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, आली ती साध्या बटणाच्या फोनवर चालायची, ना ॲप ना इंटरनेट, आणि गल्लीतल्या दुकानदाराकडे रोख देऊन फोनमध्ये पैसे भरता यायचे. यातला पेसा म्हणजे आपला पैसाच, स्वाहिलीत दुकानाला दुका म्हणतात आणि गाडीला गारी, आतेभाऊ म्हणतो पहिल्या आठवड्यात अर्धी भाषा ओळखीचीच वाटली. मुद्दा काय, लोकांकडे जो फोन होता त्यावरच त्यांनी गाडा हाकला. आपल्या पोरांकडे तर अँड्रॉइड आहे, भले स्क्रीन तडकलेली असेल आणि स्टोरेज फुल. म्हणून पहिला तास स्टोरेजचाच घ्या, व्हॉट्सॲपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो उडवणं, फाइल कुठे सेव्ह होते ते शोधणं, फाइलला नाव देणं. हसू नका, दहावी झालेल्या पोराला स्वतःची मार्कशीट फोनमध्ये सापडत नाही, आयएमजी आणि पुढे चौदा आकडे असं नाव असतं तिचं.

डेटाचं म्हणाल तर जिओ २०१६ला आल्यापासून आपण लाडावलोय, तरी महिनाअखेर अर्ध्या पोरांचं रिचार्ज संपलेलं असतं. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी ऑफलाइन शिकवतात, कोलिब्री नावाचं फुकट सॉफ्टवेअर एका लॅपटॉपवर टाकायचं, लॅपटॉप राऊटरला जोडायचा आणि खोलीतले सगळे फोन इंटरनेटशिवाय त्यातले धडे बघतात. तसंच किविक्स नावाचं ॲप, त्यात अख्खं मराठी विकिपीडिया डाउनलोड करून फोनमध्ये ठेवता येतं. माझे ते तीन लॅपटॉप शेवटी या कामाला आले. आणि वीज गेली तर? दक्षिण आफ्रिकेतही लोडशेडिंगला लोडशेडिंगच म्हणतात, हे कळल्यावर आमच्या गावाकडच्या काकांना फार आनंद झाला. मुंबईत लाईट सहसा जात नाही पण दोन पॉवरबँक ठेवा, कारण खोलीत प्लग एकच असतो आणि त्याला आधीच पाण्याचा फिल्टर लावलेला असतो.

आता मुख्य भाग. सिलॅबस करू नका, कुणाचं तरी खरं काम आणा. आमच्याकडे ते काम निघालं वर्गणीचं. मंडळाची पावतीपुस्तकं खजिनदार काकांच्या पिशवीत, हिशोब वहीत, आणि दरवर्षी विसर्जनानंतर महिनाभर भांडण. मी पोरांना सांगितलं, ही पाच पावतीपुस्तकं गूगल शीटमध्ये चढवा. पावती नंबर, नाव, खोली नंबर, रक्कम, रोख की यूपीआय, बस एवढेच कॉलम. यातून जेवढं शिकले तेवढं मी सहा महिन्यांत शिकवलं नसतं. एका पोराने वहीत असते तशीच रक्कम ५०१/- अशी टाकली, आता शीटला ते आकडा वाटतच नाही, ते अक्षर समजतं आणि बेरीज करताना गुपचूप सोडून देतं, एरर पण येत नाही. बेरीज वहीपेक्षा साडेचार हजारांनी कमी आली आणि काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोन तास सगळे शोधत बसले, शेवटी नववीतल्या एका मुलीच्या लक्षात आलं की काही आकडे रकान्यात डावीकडे चिकटलेत आणि बाकीचे उजवीकडे. तिथून पुढे रकान्याला नंबर फॉरमॅट लावणं, फिल्टर, एकच पावती दोनदा आली का ते तपासणं, मधलाच नंबर गायब आहे का ते बघणं, सगळं आपोआप आलं कारण आता त्यांना चोर पकडायचा होता. (चोर नव्हता, दोन पावत्या लिहिताना चुकून रद्द केलेल्या होत्या.) एक नियम मात्र आधीच घाला, शीटमध्ये लोकांचे फोन नंबर टाकायचे नाहीत आणि लिंक सगळ्यांना उघडी ठेवायची नाही, एडिटचा हक्क तिघांनाच.

तुमच्याकडे मंडळ नसेल तर पोळीभाजी केंद्रवाल्या ताईंची उधारी घ्या, शिवणकामवाल्या मावशींच्या ऑर्डरी घ्या, वाचनालयाची यादी घ्या. काम कुणाचं तरी हवं आणि ते झालं नाही तर कुणीतरी ओरडणारं हवं.

पुढचा रविवार फॉर्मचा. अकरावीचं ॲडमिशन, उत्पन्नाचा दाखला, स्कॉलरशिप, सगळं ऑनलाइन आणि नाक्यावरचा सायबरवाला एका फॉर्मचे शंभर दीडशे घेतो. शिकवायचं एवढंच, फोटो ठराविक केबीत बसवणं, कागद सरळ उजेडात धरून स्कॅन करून पीडीएफ करणं, व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवणं नाहीतर फोटोची क्वालिटी मरते, डिजिलॉकर उघडणं, आणि पासवर्ड वहीत लिहून वही घरात ठेवणं. रवांडात सरकारी दाखले इरेम्बो नावाच्या पोर्टलवर मिळतात आणि ते वापरायला शिकवायला त्यांनी २०१७पासून तरुण पोरांनाच तयार करून जिल्ह्याजिल्ह्यात पाठवलं, डिजिटल ॲम्बॅसॅडर म्हणतात त्यांना. ही आयडिया मी सरळ ढापली. आमच्याकडे ज्याने स्वतःचा एक फॉर्म भरला त्याने पुढच्या रविवारी चाळीतल्या एका आजी किंवा काकांचं काम करायचं, पण फोन आजींच्याच हातात राहिला पाहिजे, पोराने बोट लावायचं नाही, फक्त तोंडाने सांगायचं. हे भयंकर अवघड जातं त्यांना. पण आपल्याला खरंच कळलंय की नुसतं बोट पळतंय ते इथे उघडं पडतं.

फसवणुकीचा तास चुकवू नका. केनियात जुनी चाल आहे, पैसे आल्याचा खोटा मेसेज पाठवायचा आणि मग फोन करून रडायचं की चुकून तुम्हाला गेले, परत करा. आपल्याकडे सेम टू सेम. एम-पेसावर पैसे पाठवताना समोरच्याचं नाव दाखवतात, त्या सोयीला हाकिकीशा म्हणतात, म्हणजे खात्री कर. आमच्या खोलीत आता हा शब्द रुळलाय, कोणी घाईत क्यूआर स्कॅन करायला लागला की मागून आवाज येतो, हाकिकीशा रे! पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला किंवा बॅलन्स बघायला लागतो, हे प्रत्येकाकडून पाच वेळा म्हणवून घ्या. आणि गेलेच पैसे तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) लावायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या खात्यांत पळतात.

मग पोरं विचारतात, दादा यातून पैसे कधी मिळणार. इथे खोटं बोलू नका. केनिया सरकारची अजिरा नावाची योजना आहे, ट्रान्सक्रिप्शन, डेटा एंट्री अशी ऑनलाइन कामं शिकवतात, स्वाहिलीत अजिरा म्हणजे रोजगारच. पण २०२३ला तिथलीच बातमी होती की एआयसाठी डेटा तपासणाऱ्या कामगारांच्या हातात तासाला २ डॉलरसुद्धा पडत नव्हते, आणि वाचायला मिळायचं ते सगळं घाणेरडं. गूगलने २०१७ला लागोसमध्ये जाहीर केलं होतं की पाच वर्षांत आफ्रिकेतल्या १ कोटी लोकांना डिजिटल कौशल्यं शिकवू. एवढ्या मोठ्या आकड्याचं मला काय कळणार, मी आमच्या खोलीत सर्टिफिकेट मोजत नाही, कुणी कुणाचं काय काम करून दिलं ते भिंतीवरच्या कागदावर लिहितो. घरबसल्या कामासाठी आधी रजिस्ट्रेशन फी मागितली की ते काम नाहीच, लाईक करा पैसे कमवा तर अजिबात नाही. त्यापेक्षा वस्तीतलं काम बघा, पोळीभाजीवाल्या ताईंचं दुकान मॅपवर टाकून द्यायचे आणि मेन्यूकार्ड करून द्यायचे आमच्या एका पोराने ५०० रुपये घेतले. ताईंनी वर डबा दिला.

वेळ रविवारी सकाळी १० ते १२ ठेवा, त्यानंतर क्रिकेट. एका वेळी बारा पोरांच्या वर घेऊ नका. मुली यायला हव्या असतील तर दार उघडं ठेवा आणि एक ताई कायम खोलीत बसवा, आमच्याकडे हे केल्यावरच मुली आल्या. ऑगस्टच्या सुमारास खोलीत डेकोरेशनचं सामान येतं, तेव्हा महिनाभर क्लास बंद धरूनच चाला, आणि एक्स्टेंशन बोर्डवर स्केचपेनने क्लास असं मोठ्ठं लिहून ठेवा, तरी तो कोणीतरी लायटिंगला नेतोच.