कॉनराड फाइट पाहायचा कसा?

जर्मन चित्रपट-नट कॉनराड फाइट पाहायला थेट ‘कॅसाब्लांका’पासून (1942) सुरुवात करू नका. तिथला त्याचा नाझी मेजर श्ट्रासर शेवटी पाहा, तेही हे ठाऊक असताना की ही भूमिका करणाऱ्या फाइटनेच 1933मध्ये ज्यू बायकोसह हिटलरची जर्मनी सोडली होती.

आधी ‘डॉ. कॅलिगारी’ (1920) हा मूकपट लावा. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर प्रत चुकीच्या वेगाची आहे. प्लेअरचा वेग थोडा कमी करा. मग आवाज बंद करा. मी तरी तसंच पाहतो, कारण बऱ्याच प्रतींवरचं संगीत नंतर जोडलेलं असतं आणि कुठे दचकायचं ते आधीच सांगून टाकतं. झोपेत चालणारा सेझारे (म्हणजे फाइट) डोळे उघडतो, तो क्लोजअप दोनदा पाहा. पापण्या किती सावकाश उचलल्या जातात! नंतर भिंतीला घासत चालणारं त्याचं शरीर पाहा: बर्लिनमध्ये नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्टच्या नाटकमंडळीत घडलेला नट अख्ख्या देहाने बोलतो.

पुढे ‘द मॅन हू लाफ्स’ (1928). इथे तोंड कायमच्या हास्यात अडकलेलं, त्यामुळे हाताने पडद्यावरचा खालचा जबडा झाका आणि फक्त डोळे वाचा. माझ्या मते त्याचं सर्वांत अवघड काम हेच.