लेबलचं कॉन्ट्रॅक्ट आलंय? सही करायच्या आधी हे बघ

सांगली-मिरजेत आता पोरं स्वतःची गाणी करायला लागलीत, बघून भारी वाटतं. पण एखादं गाणं जरा चाललं की मुंबईहून लेबलचा, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीचा, फोन येतो, व्हॉट्सॲपवर वीस पानांची पीडीएफ येते आणि उद्यापर्यंत सही करून पाठवा म्हणतात. एवढी घाई कोण करत असेल तर तिथंच सावध हो.

आधी ॲडव्हान्स समजून घे. ते बक्षीस नसतं, ऊसतोडीची असते तसली उचल असते. समज २ लाख ॲडव्हान्स दिला, ३ लाखाचा व्हिडिओ काढला आणि तुझा वाटा १५ टक्के. बहुतेक वेळा हे दोन्ही मिळून ५ लाख तुझ्याच वाट्यातून कापायचं लिहिलेलं असतं, म्हणजे कंपनीकडं ३३ लाखांच्या वर जमा होईपर्यंत तुझ्या हातात नवा रुपया नाही. अमेरिकेतल्या टीएलसी ग्रुपचा अल्बम लाखोंनी खपत होता तरी १९९५ मध्ये त्या पोरींनी दिवाळखोरीचा अर्ज केला! म्हणून व्हिडिओ, प्रमोशन, प्रवास यातला कुठला खर्च तुझ्या वाट्यातून जाणार ते लिहून माग, आणि वर्षातून दोनदा हिशोब दाखवायची अटही घालून घे.

मग मास्टर, म्हणजे मूळ रेकॉर्डिंग, कुणाचं ते बघ. "कायमस्वरूपी" आणि "जगभर" हे शब्द दिसले की थांब, तीन-पाच वर्षांचं लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी, देतो म्हणून सांग. कॉन्ट्रॅक्टमध्ये मुदतच लिहिली नसेल तर आपल्या कायद्यानं ती ५ वर्षं धरतात, म्हणून तर ते आवर्जून "कायमस्वरूपी" लिहितात.

२०१२ ला कॉपीराइट कायदा बदलला, त्यानंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. "सर्व रॉयल्टी सोडत आहे" असं कलम दिसलं तर खोडायला लाव, आणि आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून देणारी संस्था, तिची मेंबरशिप घे, तो पैसा तिथून येतो.

शोज, टी-शर्ट, जाहिराती यातही वाटा मागतात. गणपतीतल्या शोचं मानधन त्यांनी काहीच न करता का द्यायचं? त्यांनी आणलेल्या शोपुरतंच कबूल कर.

बँडमधला कोण १८ च्या आतला असेल तर त्याची सही कायद्यानं चालत नाही, मग आईबाबांना सही करायला लावतात. त्यांना आधी सगळं नीट वाचून दाखवा, पोराचं नाव होतंय म्हणून ते डोळे झाकून सही करतात, फार वाईट वाटतं बघून. वकील गाठा, पण जमिनीच्या केसेसवाले काका नकोत, कॉपीराइटवाला पुण्यात सापडेल, फी सगळ्यांनी वाटून घ्या.

आणि आजच ग्रुपवर लिहून टाका: चाल कुणाची, शब्द कुणाचे, कुणाचा किती टक्के, आणि खाली प्रत्येकाचं "मान्य" येऊ दे.