गेम सारखा डेस्कटॉपवर फेकतोय? विंडोज परत टाकायच्या आधी या चुका टाळा

मिशन रंगात आलेलं असतं आणि फटकन समोर डेस्कटॉप. एरर नाही, काही नाही. मग आपण ड्रायव्हर बदलतो, सेटिंग लो करतो, गेम उडवून परत टाकतो, सगळं एकाच रात्रीत, आणि चाललाच तर कशामुळे चालला ते कळत नाही आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं. त्यामुळे एका वेळी एकच गोष्ट बदला.

त्याही आधी विंडोजनं काय लिहून ठेवलंय ते वाचा ना, कुणी वाचतच नाही. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन उघडा आणि क्रॅशच्या वेळेची इव्हेंट आयडी १००० वाली लाल नोंद बघा. तिथे फॉल्टिंग मॉड्यूल म्हणून एका फाईलचं नाव असतं. ते 'एनव्ही'ने सुरू होत असेल तर संशय एनव्हिडियाच्या ड्रायव्हरवर. सिस्टिमच्या लॉगमध्ये ४१०१ दिसला तर ग्राफिक्स ड्रायव्हर अडकला होता आणि विंडोजनं त्याला रीसेट केलं, अशा वेळी ८०-१०० जीबीचा गेम परत उतरवून काय उपयोग? आणि एनटीडीएलएलचं (विंडोजची स्वतःची एक फाईल) नाव दिसलं म्हणून ती फाईल कुठल्या तरी साइटवरून आणून टाकू नका, क्रॅश तिथे दिसतो एवढंच, मूळ दुखणं बहुतेक वेळा दुसरीकडेच असतं.

आता माझा स्वतःचा गाढवपणा. एसएसडी जास्त टिकेल म्हणून मी पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाईल) बंद केली होती, १६ जीबी रॅम आहे की, कशाला लागतेय. गेम अर्ध्या तासाने पडायचा आणि टास्क मॅनेजरमध्ये रॅम चांगली ३-४ जीबी मोकळी! आठवडाभर ग्राफिक्स कार्डाला शिव्या घातल्या. नंतर कळलं की बघायचा आकडा तिथलाच 'कमिटेड'चा असतो. गेम जेवढी मेमरी मागून ठेवतो तेवढी सगळी त्यात धरली जाते, वापरो न वापरो, आणि मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाईल. ती संपली की विंडोज मेमरी नाकारतं आणि गेम आडवा. पेजफाईल परत ऑटोमॅटिकवर टाकली, विषय संपला.

रॅमला एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम जास्त वेगाने पळवणारी बायोसमधली, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरमधली सेटिंग) लावलं असेल तर तेही ओव्हरक्लॉकिंगच, म्हणजे ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवणंच आहे बरं का. नेट, व्हिडिओ सगळं नीट चालतं आणि गेमच पडतो, म्हणून रॅमवर संशयच जात नाही. दोन दिवस बंद करून बघा.

इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनचा आय-७ किंवा आय-९ असेल आणि शेडर कंपाइल होताना (गेम सुरू होताना ग्राफिक्सचा कोड तयार होतो तेव्हा) 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' येत असेल तर लगेच नवं कार्ड घेऊ नका. प्रोसेसरला जास्त व्होल्टेज जात असल्याचं इंटेलनं २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती आली आणि बॉक्स्ड (सुटा, डब्यात विकलेल्या) प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षं वाढवली. पण आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारत नाही, ती वॉरंटीतच बदलून घ्यावी लागते.

मॉडवाल्यांनो (गेममध्ये बाहेरून बदल टाकणाऱ्यांनो), स्टीमवर फाईल्स व्हेरिफाय केल्या म्हणजे मॉड गेले असं नाही, तुम्ही वरून टाकलेल्या जादा फाईल्स तिथेच राहतात, त्या हातानेच काढा. ओव्हरले (गेमवर दिसणाऱ्या स्टीम, डिस्कॉर्डसारख्यांच्या खिडक्या) बंद करून बघायला तर दोन मिनिटं लागतात.

आणि बायोस अपडेट यूपीएस असेल तरच करा, पावसाळ्यात आमच्याकडे लाइट कधी जाईल सांगता येत नाही.