छोट्या कार्यालयातील छपाईचा खर्च कसा कमी करावा

छोट्या व्यवसायात जागेचे भाडे, पगार आणि वीज यांचा हिशेब काटेकोरपणे ठेवला जातो. छपाईचा खर्च मात्र स्टेशनरी, दुरुस्ती आणि किरकोळ अशा वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेला असतो, त्यामुळे त्याची एकत्रित रक्कम वर्षानुवर्षे कोणाच्या नजरेसमोर येत नाही. खर्च वाढल्याची शंका आली की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून कर्मचाऱ्यांना ‘कमी छापा’ अशी सूचना दिली जाते आणि ती पंधरा दिवसांत विसरली जाते. माझे स्पष्ट मत असे आहे की माणसांना उपदेश करण्यापूर्वी प्रिंटरची मांडणी बदलावी. एकदा नीट लावून ठेवलेले सेटिंग रोज काम करते आणि त्यासाठी कोणाला काही लक्षात ठेवावे लागत नाही.

आधी एक महिना मोजा

जवळजवळ प्रत्येक प्रिंटरमध्ये छापलेल्या पानांची नोंद ठेवणारा काउंटर असतो. तो यंत्राच्या मेन्यूमध्ये दिसतो किंवा यंत्राच्या माहितीचे पान छापून पाहता येतो. अनेक यंत्रांत रंगीत आणि काळ्या पानांची नोंद वेगळी मिळते. महिन्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी हे आकडे वहीत उतरवा. त्याच महिन्यात प्रिंटरशेजारी एक रिकामे खोके ठेवा आणि चुकून छापलेले, कोणी न उचललेले किंवा पुन्हा छापावे लागलेले प्रत्येक पान त्यात टाकण्यास सर्वांना सांगा. दोष कोणाचा हे शोधायचे नाही, ही गोष्ट आधीच स्पष्ट करा, नाहीतर खोके रिकामेच राहील. आठवड्याच्या शेवटी त्यातील कागद चाळले की वाया जाण्याचे खरे कारण समोर येते: कोठे तक्त्याचा एकच स्तंभ दुसऱ्या पानावर सांडलेला असतो, कोठे मसुद्याच्या चार आवृत्त्या असतात, तर कोठे एका ओळीच्या ई-मेलखाली तीन पाने जुना पत्रव्यवहार असतो.

एका पानाचा खरा खर्च

प्रिंटरची किंमत एकदाच मोजावी लागते, पानाचा खर्च मात्र रोज मोजावा लागतो. कार्ट्रिजच्या किमतीला त्यातून निघणाऱ्या पानांच्या संख्येने भागा, ड्रम (प्रतिमा कागदावर उतरवणारा यंत्रातील दंडगोल) वेगळा बदलावा लागत असेल तर त्याचाही असाच भागाकार करून त्यात मिळवा आणि शेवटी एका कागदाची किंमत जोडा. हा आकडा हाती आल्याशिवाय दोन यंत्रांची तुलना करण्यात अर्थ नाही, कारण स्वस्त प्रिंटरची कार्ट्रिजे पुष्कळदा महाग किंवा कमी क्षमतेची असतात.

येथे एक सावधगिरी बाळगावी लागते. काळ्या टोनरची (लेझर प्रिंटरमध्ये शाईऐवजी वापरल्या जाणाऱ्या भुकटीची) पानांची क्षमता आयएसओ/आयईसी १९७५२ या मानकानुसार ठरावीक चाचणी-पान छापून मोजली जाते आणि त्या पानाचा साधारण ५% भागच काळा असतो. तुमच्या बिलावर जाड पट्टी, मोठे बोधचिन्ह आणि छायांकित रकाने असतील तर हे प्रमाण सहज दुप्पट होते आणि ३,००० पानांचे म्हणून घेतलेले कार्ट्रिज १,५०० पानांच्या आसपास संपते. म्हणून बिलाचा आणि पत्राचा नमुना एकदा बसून हलका करणे हा अत्यंत फलदायी उपाय आहे. गडद पार्श्वभूमी काढून टाका, पट्टीऐवजी बारीक रेघ द्या आणि बोधचिन्हाची केवळ बाह्यरेषा वापरा. नव्या यंत्रासोबत येणारे कार्ट्रिज बहुतेकदा पूर्ण भरलेले नसते, त्यामुळे पहिल्या कार्ट्रिजवरून अंदाज बांधू नका.

मूळ सेटिंग बदला

दोन्ही बाजूंनी छपाई, काळी छपाई आणि टोनर-बचत ही तिन्ही सेटिंग्ज मूळ निवड म्हणूनच लावून ठेवावीत, म्हणजे ज्याला वेगळे हवे असेल त्याने ते मुद्दाम निवडावे. विंडोजमध्ये हे करताना एक चूक हमखास होते. ‘प्रिंटिंग प्रेफरन्सेस’मधील बदल फक्त त्या वापरकर्त्यापुरता राहतो, सर्वांसाठी बदल करायचा असल्यास प्रिंटरच्या ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’मधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबवर जाऊन ‘प्रिंटिंग डिफॉल्ट्स’मध्ये तो करावा लागतो. तसेच मूळ प्रिंटर विंडोजनेच ठरवावा असा पर्याय चालू असेल तर शेवटी वापरलेले यंत्र आपोआप मूळ प्रिंटर होते. एकदा रंगीत प्रिंटरवर काम केले की पुढची साधी पानेही तिकडेच जाऊ लागतात. हा पर्याय बंद करून काळ्या छपाईचे यंत्र कायमचे मूळ ठेवा.

दोन्ही बाजूंनी छापल्याने कागद जवळपास निम्मा लागतो, पण टोनर तितकाच लागतो, हे हिशेब करताना विसरू नये. टोनर वाचवायचा असेल तर अंतर्गत कागदपत्रे फिकट मसुदा-छपाईत काढावीत. वाचण्यापुरती ती पुरेशी स्पष्ट असतात.

रंगीत छपाईचा विचार वेगळाच करावा लागतो, कारण तिचा पानामागचा खर्च काळ्या छपाईच्या कितीतरी पट असू शकतो. निळी लिंक किंवा सहीखालचे छोटे रंगीत चिन्ह एवढ्यामुळेसुद्धा ते पान रंगीत धरले जाते. पानागणिक दर आकारणारा करार असेल तर अशा प्रत्येक पानाला रंगीत दर लागतो. म्हणून रंगीत छपाईची गरज ज्या दोन-तीन जणांना खरोखर आहे त्यांनाच ती उपलब्ध ठेवणे मला योग्य वाटते. यंत्रात सोय असेल तर छपाईसाठी पिन, म्हणजे गुप्त क्रमांक, लावावा. पिन दाबेपर्यंत पान बाहेर येत नाही, त्यामुळे न उचललेल्या प्रती जवळपास थांबतात आणि पगारपत्रकासारखी कागदपत्रे ट्रेमध्ये उघडी पडून राहत नाहीत.

एक्सेलच्या तक्त्यांसाठी पान आडवे करून सर्व स्तंभ एका पानाच्या रुंदीत बसवण्याचा पर्याय निवडावा आणि छापायचा भाग आधी ठरवून घ्यावा. छपाईपूर्वीचे पूर्वदर्शन पाहण्याची सवय लावायची असेल तर ती येथूनच लावावी, कारण खोक्यातील कागदांचा मोठा वाटा बहुधा तक्त्यांचाच असतो.

यंत्र, शाई आणि कागद

इंकजेट यंत्र आठवडेच्या आठवडे न वापरल्यास शाई वाळते आणि ते साफ करण्याच्या प्रत्येक फेरीत शाई खर्च होते. ज्या कार्यालयात छपाई क्वचित आणि काळीच होते तेथे लेझर प्रिंटर बरा, कारण टोनर ही कोरडी भुकटी असल्याने वाळण्याचा प्रश्नच येत नाही. रंगीत पाने नियमित आणि भरपूर लागत असतील तर बाटलीतून शाई भरण्याच्या टाकीचा प्रिंटर पानामागे स्वस्त पडतो. इंकजेट बंद करताना भिंतीवरील बटणाऐवजी यंत्राचेच बटण वापरा, म्हणजे शाईची तोंडे नीट झाकली जातात.

टोनर संपत आल्याची सूचना हा बहुतेक यंत्रांत केवळ अंदाज असतो. नवे कार्ट्रिज आणून ठेवावे, पण अक्षरे प्रत्यक्ष फिकट होईपर्यंत जुने काढू नये. इतर उत्पादकांची किंवा पुन्हा भरलेली कार्ट्रिजे स्वस्त असतात, मात्र त्यांचा दर्जा सारखा नसतो. गळका टोनर यंत्र खराब करतो आणि काही यंत्रांचे सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर ती स्वीकारलीच जात नाहीत. एकच नग घेऊन अंतर्गत कामावर महिनाभर वापरावा आणि मगच घाऊक खरेदी करावी.

कागदाची जाडी तपासण्याची सोपी पद्धत आहे. ए४ आकाराचे १६ कागद मिळून जवळपास एक चौरस मीटर होतात, म्हणून ८० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ८० ग्रॅम वजनाचा) एक कागद ५ ग्रॅमचा आणि ५०० कागदांचे रिम सुमारे २.५ किलोचे असते, तर ७० जीएसएमचे रिम सुमारे २.२ किलो भरते. अंतर्गत कामाला पातळ कागद चालतो, पण तो यंत्रात अडकू लागला तर बचत वाया जाते. उघडलेले रिम दमट जागी ठेवू नये. पाठकोरे कागद टिपणवह्यांसाठी अवश्य वापरावेत, पण ट्रेमध्ये पुन्हा घालू नयेत, कारण स्टेपलरची एक विसरलेली पिन दुरुस्तीचा खर्च उभा करते. गोपनीय मजकूर असलेले पाठकोरे तर सरळ फाडून टाकावेत.

जे छापूच नये

बिले, दरपत्रके आणि बैठकीची टिपणे पीडीएफ करून पाठवता येतात. ज्या कागदावर कायद्याने किंवा ग्राहकाच्या अटीनुसार शाईची सही आवश्यक आहे, त्यांची एक छोटी यादी करून प्रिंटरजवळ लावा. ती यादी लोकांना वाटते त्यापेक्षा बरीच लहान निघते.

पानागणिक दराचा करार करायचा असेल तर आपल्या महिन्याच्या मोजणीशिवाय बोलणी सुरू करू नका. किमान पानांची अट प्रत्यक्ष वापरापेक्षा जास्त असेल तर न छापलेल्या पानांचेही पैसे भरावे लागतात. करारात टोनर, ड्रम आणि दुरुस्ती यांपैकी काय समाविष्ट आहे, दोन्ही बाजूंनी छापलेला कागद एक मोजला जातो की दोन आणि मुदतीपूर्वी करार सोडल्यास काय द्यावे लागते, हे लेखी घ्या. बदल केल्यानंतर तीन महिन्यांनी काउंटरचे आकडे पुन्हा वहीत उतरवा आणि ते खोकेही एक आठवडा पुन्हा ठेवून पाहा.